पहिला चीक गळू द्यावा

आंबा देठासकट काढतात, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक असतं. बोटाच्या दोन पेरांएवढा देठ फळाला राहिला पाहिजे. तो मोडला की तिथून चीक उडतो. पहिला चीक पाण्यासारखा पातळ, वासाला टर्पेंटाइनसारखा उग्र, आणि त्याची चिळकांडीच उडते. मागून येतो तो दाट असतो, सावकाश ओघळतो. नुकसान करतो तो पहिला. फळाच्या अंगावरून ओघळला तर त्या वेळी काही दिसत नाही, हाताने पुसलं की झालं असं वाटतं. मग त्याच वाटेवर तपकिरी रेघ उमटते आणि भाजल्यासारखी काळी पडते. आतला गर उत्तम असला तरी तो आंबा पेटीच्या वरच्या थरात बसत नाही. म्हणून देठ मोडलाच तर आंबा लगेच उलटा धरायचा, देठाची बाजू खाली, आणि चीक मातीवर गळू द्यायचा.

मी रत्नागिरी तालुक्यातली. पावसच्या पुढे पूर्णगडच्या बाजूला आमचं घर आणि आंब्याची कलमं आहेत. हे चिकाचं मला लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात कळलं. तेच माझ्या जिभेलाही लागू आहे, हे कळायला पुढची 25 वर्षं गेली.

2019 च्या मे महिन्यातली गोष्ट. दुपारचे साडेबारा वाजलेले, संध्याकाळी वाशीच्या बाजाराला माल जायचा होता. मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, गेले तर कोपऱ्यात सहा क्रेट, सगळे देठ मोडलेले, फळं चिकाने माखलेली. शेजारी आबा उभे. आबा आमच्याकडे 19 हंगाम काम करत होते. त्यांनी झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, लावला की फांदीसुद्धा हलत नाही, असं माझे सासरे सांगायचे. मी काही विचारलं नाही. नव्या पोरांच्या देखत "डोळे फुटले का तुमचे? फुकटचा रोज घेता," असं बोलून मोकळी झाले. आबांनी झेला भिंतीला टेकवला, पिंपातल्या पाण्याने हात धुतले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि वाडीची वाट धरली. संध्याकाळी कळलं की देठ नव्या पोरांनी मोडले होते. आबा ते डागी आंबे चांगल्यातून निवडून बाजूला काढत होते.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी चटई अंथरली, गूळपाणी दिलं. म्हणाले, "वैनी, तुम्ही नुसतं इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

पुढच्या हंगामाला ते आले. पूर्वी चहा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून घ्यायचे. आता पडवीतच घेतात.

त्या वर्षी आषाढी एकादशीला मी एक नेम धरला आणि तो अजून दरवर्षी धरते. ज्यांची जीभ किंवा हात विचाराआधी चालतो, त्यांच्यासाठी तो कसा धरायचा ते लिहिते.

आपल्याकडे चातुर्मासात कोणी कांदा-लसूण सोडतं, कोणी वांगं, कोणी एकभुक्त राहतं, कोणी मौनाने जेवतं. मी वर्षानुवर्षं वांगं सोडत होते आणि त्याच तोंडाने लोकांना तोडत होते. म्हणून वेगळा नेम ठरवला: आषाढीपासून कार्तिकीपर्यंत, कोणालाही उत्तर देण्याआधी एक श्वास पूर्ण सोडायचा. नेम एवढाच ठेवा. "रागावणार नाही" असा नेम मुळीच धरू नका. तो पहिल्याच दुपारी मोडतो, आणि एकदा मोडलेला नेम पुन्हा धरायची लाज वाटते. राग येणं आपल्या हातात नसतं. गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या 23 व्या श्लोकात कामक्रोधातून उठणारा "वेग" असा शब्द आहे, आणि देह पडण्याआधी, इथेच, तो वेग ज्याला सोसता येतो तो योगी आणि तो सुखी, असं म्हटलं आहे. सोसायचा म्हटलं आहे, मारून टाकायचा म्हटलेलं नाही. हा अध्याय मला लहानपणापासून पाठ आहे, पण "वेग" या शब्दाशी मी कधी थांबले नव्हते. मांगरातल्या त्या दुपारनंतर थांबले. चीक उडणारच. तो फळावर पडेल की मातीवर, तेवढं मात्र मला बघता येतं.

आषाढीचा मुहूर्त मी व्यवहारासाठीही सांगते. आंबा संपलेला असतो, पावसाने माणूस घरात असतो, आणि अधिक महिना मध्ये आला नाही तर पुढे 52-53 दिवसांनी गणपती येतो. कोकणातल्या घरात खरी परीक्षा तीच.

पहिले 15 दिवस काहीच सुधारायचं नाही, फक्त टिपायचं. भिंतीवर कालनिर्णय असतं, त्याच्या चौकोनात दुधाचा हिशेब असतोच. तिथेच, फटकन बोललो की वेळ आणि एक शब्द लिहायचा. माझ्या नोंदी अशा आहेत: "1.10 मीठ", "6.00 टाकी", "9.40 फोन". कोणाचं चुकलं ते लिहायचं नाही, नाहीतर तिथेच दुसरं भांडण सुरू होतं. 15 दिवसांनी चष्मा लावून मोजलं. 23 नोंदी, त्यातल्या 14 दुपारी साडेबारा ते दीडच्या मधल्या. पहाटे साडेचारला उठायचं, दोन वेळा चहा, आणि तेवढ्यावर दीडपर्यंत ओढायचं, असा माझा दिवस होता. माझा राग माणसांच्या चुकांवर आहे असं मी समजत होते, तो बराचसा रिकाम्या पोटाचा होता. सासूबाईंच्या काळी घरात सकाळी दहाला पेज असायची. ती मी पुन्हा सुरू केली, वर मेतकूट आणि तूप. पुढच्या 15 दिवसांत दुपारच्या नोंदी पाच झाल्या. माझ्या जाऊबाईंनी विचारलं, याला अध्यात्म म्हणायचं का? मी हो म्हणते. गीतेतच युक्त आहार आणि युक्त झोप सांगितली आहे. तुमची वेळ वेगळी निघेल. कोणाची शाळेच्या रिक्षाआधीची असेल, कोणाची पगाराच्या आधीच्या आठवड्यातली. पण निघेल.

आता बैठकीचं. पावसला स्वामी स्वरूपानंदांचं समाधी मंदिर आहे. स्वामी तिथलेच, 1903 चा जन्म, 1974 साली देह ठेवला. नाथपंथातली सोऽहम् साधना त्यांनी आयुष्यभर केली. अनुग्रह घेऊन करायची साधना ती वेगळी, ती मी शिकवू शकत नाही आणि शिकवूही नये. पण श्वास आत येताना "सो" आणि बाहेर जाताना "हं" ऐकत बसणं कोणालाही जमतं. दिवसाला 21,600 श्वास होतात असं परंपरेत सांगतात. हिशेब करून बघा, मिनिटाला 15 धरले तर बरोबर तेवढेच भरतात. त्यातले मी पहाटेच्या 20 मिनिटांतले बघते. पाठ भिंतीला टेकवून बसले तरी चालतं. "हं" थोडा लांबवायचा. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे मनगटावर बोट ठेवून स्वतःलाच कळतं. मन भटकलं की पुन्हा "सो".

या 20 मिनिटांत रागाचा काहीही संबंध येत नाही, तरी अभ्यास तिथेच होतो. आमच्याकडे पहाटेसुद्धा अंग चिकट असतं. पाचेक मिनिटांत घामाचा एक थेंब कानामागून निघतो आणि मानेवरून खाली उतरायला लागतो. इतकी खाज सुटते की हात आपोआप उठतो. तो उठू द्यायचा नाही, नुसतं बघायचं. थेंब थांबतो, पुन्हा सरकतो, खाज चढत चढत जाते, आता सहन होणार नाही असं वाटतं, आणि मग कोणी काही न करता ती उतरते. मला सात-आठ श्वास लागतात. पहिल्यांदा ती अशी उतरली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण 50 वर्षांत मी एकही खाज पूर्ण उतरेपर्यंत बघितली नव्हती. आबांवर ओरडण्याआधी जे उठलं होतं, ते याच जातीचं होतं. तेही उतरलं असतं.

लहान गोष्टींवरच हात बसवा. फोन वाजला की तिसऱ्या रिंगला उचला. वीज गेली की तोंडातून शब्द निघण्याआधी "हं" पूर्ण करा. आमच्याकडे पावसाळ्यात ती इतक्या वेळा जाते की दिवसाला दहा-बारा वेळा सराव आपसूक होतो. मोठ्या प्रसंगासाठी राखून ठेवाल तर तहान लागल्यावर विहीर खणल्यासारखं होईल. शिवाय मोठे प्रसंग आपल्याला तितके पाडत नाहीत. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यावरून गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कलमांखाली पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी फळं पडलेली. दोन जुनी झाडं मुळासकट आडवी. मी ते सगळं शांतपणे बघितलं, पोरांना पोती आणायला सांगितलं, कुठली फळं लोणच्याला जातील ते निवडायला बसले. आणि त्याच संध्याकाळी स्टीलच्या डब्याचं झाकण सापडेना म्हणून सुनेवर अशी कडाडले की शेजारचे डोकावले. वादळ माझ्या हाताबाहेरचं होतं, हे मनाने मान्य केलं होतं. झाकण जागेवर असायलाच हवं होतं. तेव्हापासून "असायलाच हवं होतं" हे शब्द मनात आले की मी सावध होते.

ऐन प्रसंगी काय करायचं, ते असं. प्रत्येकाच्या अंगात रागाची पहिली खूण ठरलेली असते, ती आधी ओळखा. माझ्या कानाच्या पाळ्या तापतात. ह्यांचा जबडा आवळतो. कोणाची बोटं मिटतात. दुसरी खूण भाषेत असते: "नेहमी", "कधीच", "तुम्ही लोक" हे शब्द जिभेवर तयार होतात. खूण दिसली की हातातली वस्तू खाली ठेवायची. कोयती, पळी, फोन, जे असेल ते. वस्तू ठेवायला दोन क्षण लागतात आणि ते दोन क्षणच हवे असतात. मग श्वास सोडायचा, आधी घ्यायचा नाही. रागात छाती भरलेलीच असते. पूर्ण सोडला की पुढचा आपसूक येतो. त्यानंतर एक ठरलेलं वाक्य, आधीपासून पाठ केलेलं, कारण त्या वेळी नवीन काही सुचत नाही. माझं वाक्य आहे, "थांबा, पाणी पिऊन येते." खरोखर माजघरात जाते आणि तांब्याने पाणी पिते. परत येऊन पहिलं बोलायचं ते विचारायचं: "काय झालं ते सांगा." आबांना मी एवढंच विचारायला हवं होतं.

सुरुवातीला समोरच्याला हे विचित्र वाटतं. माझा मुलगा म्हणायचा, आई, तुला बरं नाही का? सांगून टाका घरात, असा नेम धरलाय. घरचे सांभाळून घेतात.

फोनचं मात्र वेगळं बघावं लागतं, कारण तिथे पाणी प्यायला उठलो तरी अंगठा तिथेच असतो. आमच्या भावकीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सामाईक जमीन, सातबारावर बावीस नावं, निम्मे लोक मुंबईला. कोकणातल्या वाचकाला आणखी सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी कुंपणावरून, वाद निघाला. एका भावजींनी रात्री दहाला लिहिलं की आम्ही गडगा तीन फूट पुढे सरकवला. माझे कान तापले. मी फोन उलटा ठेवला आणि जे लिहायचं होतं ते जुन्या वहीत पेनाने लिहिलं, सगळं, त्यांच्या वडिलांपर्यंत जाऊन. दीड पान झालं. सकाळी दिवा लावून झाल्यावर ते वाचलं. त्यात कामाची दोनच वाक्यं होती: गडगा सासऱ्यांच्या वेळेपासून आहे त्याच जागी आहे, आणि शंका असेल तर सरकारी मोजणी करून घेऊ, अर्धा खर्च आम्ही देतो. तेवढंच ग्रुपवर टाकलं. बाकीचं पान चुलीत. रागात आवाजाचा संदेश तर कधीच पाठवू नका. लिहिलेलं एखादा विसरेल, तुमचा चढलेला आवाज तो चार जणांना ऐकवेल.

आणि हे नीट समजून घ्या की मी जमीन सोडली नाही. गप्प बसणं म्हणजे साधना असं कोणी सांगत असेल, विशेषतः बायकांना, तर ऐकू नका. सांगायचं ते ठामपणे सांगायचंच, फक्त पहिल्या चिळकांडीत सांगायचं नाही. कोणी अंगावर हात टाकत असेल तर तिथे श्वास बघत बसायचं नसतं. तिथून निघायचं आणि चार माणसांना सांगायचं.

उतावळेपणा रागाचाच असतो असंही नाही. माझा "हो" सुद्धा तसाच निघायचा. फोनवर गोड बोललं की दहा पेट्या कबूल, मग घरात हिशेब जुळेना. आता "ह्यांना विचारून सांगते" म्हणते. तेवढं पुरतं.

आता अढीचं. हापूस झाडावरून उतरवला की भाताच्या पेंढ्यात अढी लावतात, आठ-दहा दिवसांत तो पिकतो. पण लावली आणि विसरली असं चालत नाही. मध्ये पेंढा उकलून, एकेक फळ हातात घेऊन बघावं लागतं. एक सडका राहिला की शेजारचे चार जातात. मनातही अढी बसते, हा शब्द आपल्या भाषेने उगाच ठेवलेला नाही. दिवसभर श्वास सोडून, पाणी पिऊन जे बोललो नाही, ते कुठे गेलेलं नसतं, आत उबेला पडलेलं असतं. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. नोंदी कमी झाल्यावर काही दिवस फार शांत होते, आणि मग श्रावणात एका दिवशी सगळं एकदम जाऊबाईंवर निघालं.

म्हणून रात्री अंथरुणावर पडण्याआधी देवासमोर पाच मिनिटं बसायचं आणि दिवसातलं एकेक न बोललेलं हातात घ्यायचं. हे अजून कडक आहे का? मग उद्या त्या माणसाशी बोलायचं. बहुतेक गोष्टी संध्याकाळपर्यंत मऊ झालेल्या असतात, त्या तिथेच देवाला सांगून सोडायच्या. एखादी सडकी निघते, जुनी, दहा वर्षांपूर्वीची, आजच्या प्रसंगाला चिकटून आलेली. ती ओळखून वेगळी काढायची. त्यातल्या काही माझ्याच्याने अजून निघालेल्या नाहीत.

चुकलात, तर दिवेलागणीच्या आत जाऊन चूक कबूल करायची. तिच्यात "पण" घालायचा नाही. "मी ओरडले, माझं चुकलं, पण तुम्ही सुद्धा" असं म्हटलं की चीक पुन्हा उडाला. ज्यांच्या देखत बोललो त्यांच्या देखतच म्हणायचं. आबांच्या घरी मी एकटी गेले होते, ती चूक होती. नव्या पोरांसमोर म्हणायला हवं होतं. ते मी पुढच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी मांगरात केलं, उशिरा का होईना. मग कालनिर्णयावर नोंद करायची आणि नेम तसाच पुढे चालू ठेवायचा. ज्ञानदेवांसारख्यांनी लोकांच्या बोलण्याने उद्विग्न होऊन ताटी लावून घेतली आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून समजावलं, असं आपण मानतो. मग आपल्याला कोणी घरातल्या लहानाने दार वाजवून सांगितलं तर ऐकावं.

गणपतीत घर भरतं. आमच्याकडे 17-18 माणसं असतात, चुली दोन, न्हाणीघर एक. आरती कोणी सांगायची, वर्गणी कोणी किती दिली, मोदक कमी का पडले, सगळं निघतं. त्या दिवसांत मी बैठक 20 मिनिटांवरून 10 वर आणते, पण मोडत नाही. पहाटे चारला, सगळे झोपलेले असताना, मखरासमोर. आणि सकाळची पेज चुकवत नाही.

कार्तिकीला नेम सोडताना जी वस्तू सोडली होती ती आधी दान देतात आणि मग खातात. जिभेचा नेम सोडताना काय द्यायचं, याचा मी बराच विचार केला होता. शेवटी असं ठरवलं की घरातल्या ज्या माणसावर आपण सगळ्यात जास्त वेळा कडाडलो, त्याच्यासमोर बसायचं, विचारायचं की या चार महिन्यांत मी कशी होते, आणि त्याचं बोलून होईपर्यंत मध्ये एक शब्द बोलायचा नाही. पहिल्या वर्षी मी सुनेला विचारलं. ती आधी नको म्हणाली, मग हळूहळू बोलायला लागली. पाऊण तास बोलत होती. त्यात दोनदा माझे कान तापले. दुसऱ्या वेळी मी हातातला अडकित्ता खाली ठेवला आणि श्वास सोडला. तिने ते बघितलं, जरा थांबली, आणि पुढचं सांगू लागली.